तीन बेवारस फोल्डर

१

सोमवारी सकाळी केंद्राचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सर्व्हरताईने पर्स टेबलावर टाकली, स्क्रीन चालू केली आणि यादी दोनदा मोजली. पाच बिऱ्हाडांपैकी एक गायब होतं.

बिऱ्हाड हा तिच्या आत्याचा शब्द. कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या केंद्रात खराखुरा सर्व्हर एकच होता, कपाटाएवढा, दिवसभर घरघरणारा. पण त्याच्या पोटात पाच कॉम्प्युटर नांदत. अंग एकालाही नव्हतं, तरी प्रत्येकाचा संसार वेगळा. एक हिशेबाचा, एक पेशंटच्या वेळांचा, एक ईमेलचा, एक दारावरच्या कार्डांचा आणि पाचवा साच्यांचा. कंपन्या त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आत्या म्हणे, "घर एक, बिऱ्हाडं पाच. चुली वेगळ्या, छप्पर सामायिक." ऑफिसात सगळ्यांना हे पटकन कळलं होतं आणि तेव्हापासून तोच शब्द चालू होता.

आज यादीत चारच नावं होती. 'साचे' नव्हतं.

नेमकं तेच जावं, याला काय म्हणावं! पेशंटच्या पायाचं माप कॅमेऱ्याने घेतलं जाई, त्याची आकृती 'साचे' मशीनवर राही आणि तिच्याबरहुकूम कोरणी यंत्र फोमचा साचा कोरून काढी. गेल्या आठवड्यात शिबिर होतं. कुठून कुठून माणसं आली, कुणी कुबड्यांवर, कुणी भावाच्या पाठीवर, आणि मापं देऊन परत गेली. ती सगळी मापं त्या मशीनवर होती.

सर्व्हरताईने डिस्कवर 'साचे' नावाचं फोल्डर शोधलं. नव्हतं. कुणी काय केलं ते नोंदींत पाहावं म्हटलं, तर शनिवारी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केलेला होता आणि त्याबरोबर आधीच्या नोंदी धुऊन गेल्या होत्या. त्या बाहेर साठवायला जागा द्या म्हणून तिने किती वेळा मागणी केली होती, पण ती मंजुरीतच अडकून पडली होती.

तेवढ्यात संचालक दारात येऊन उभे राहिले. सडपातळ, टापटीप, आणि आज कपाळावर आठ्यांचं जाळं.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "सर्व्हर सांभाळायला ही तुमची फुकटची टूलं. जगात फुकट काही मिळतं का? त्यांतल्याच एखाद्याने मशीन पुसलं असणार."

"सर, माझ्या टूलांना हात लावायची परवानगीच नाहीये. ती नुसती बघतात."

"मग तुम्ही पुसलं. मुख्य पासवर्ड तुमच्याकडे आहे."

"आणि तुमच्याकडे," हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने गिळलं.

"संध्याकाळी त्या विकतच्या टूलाचे विक्रीवाले करार घेऊन येतायत," संचालक म्हणाले. "तोवर साचे परत आले नाहीत, तर करारावर माझी सही होईल आणि तुमच्या राजीनाम्यावर तुमची."

ते गेले. तिने फोन उचलला आणि आत्याला लावला. रडू येत होतं, पण आत्यासमोर रडायची सोय नव्हती. आत्या आधी काय तुटलंय ते विचारत असे.

"काय तुटलंय?" आत्याने विचारलं.

२

आत्या आली ती रिक्षातून उतरल्या उतरल्या सर्व्हरच्या खोलीत. पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट, पिशवीत स्वतःचा कीबोर्ड. दुसऱ्याच्या कीबोर्डवर तिला उष्ट्या ताटात जेवल्यासारखं वाटे. सगळा जन्म लोकांचे सर्व्हर सांभाळण्यात गेला आणि निवृत्तीनंतर तिने एक छोटंसं टूल लिहून जगाला वाटून टाकलं. नाव 'झाडू'. डिस्कवर कोणती फोल्डरं बेवारस पडलीत, म्हणजे यादीतल्या कुठल्याच बिऱ्हाडाची नाहीत, ते झाडू दाखवी. पुसत मात्र नसे. "मग झाडू कशाला म्हणतेस?" असं सर्व्हरताईने एकदा विचारलं होतं. "झाडू आपणहून कुठे झाडतो? धरणारा हात लागतो," असं उत्तर मिळालं होतं.

म्हणजे आज आळ होता तो भाचीवर आणि झाडूवरही.

"चिमे, मी तुझी बाजू घ्यायला आलेली नाही," आत्या म्हणाली. "काय झालं ते शोधायला आलेय. तू केलं असशील तर मीच सांगेन."

"अगं आत्या, मी कशाला..."

"झालं. पुढे चल."

संचालकांनी आपल्या खोलीत आत्याला खुर्ची दिली, पण चहा विचारला नाही. "बाई, तुमची भाची आहे म्हणून बोलतो. हे फुकटचं खूळ तुम्हीच तिच्या डोक्यात भरवलंत."

"फुकट आणि भुक्कड यांत फरक असतो, साहेब. हवा फुकटच आहे." आत्या हसली. "शनिवारी केंद्रात कोण कोण होतं?"

"मी. कारखान्यातले काका. आणि सकाळी विक्रीवाले आले होते, त्यांचं टूल दाखवायला. दाखवलं म्हणजे नुसती चित्रं हो, लॅपटॉपवर. आपल्या सर्व्हरला त्यांनी बोटही लावलं नाही."

"कसली चित्रं?"

संचालकांनी उत्साहाने ड्रॉवरमधून एक गुळगुळीत कागद काढला. रंगीत गोल, रंगीत पट्ट्या. "बघा, किती सोपं! हा हिरवा गोल हिशेबाचा, हा निळा पेशंटच्या वेळांचा, हा केशरी साच्यांचा. कोण किती जागा खातंय, एका नजरेत! आमच्या ताईंच्या टूलात नुसती काळी अक्षरं."

"खरंच सुरेख आहे," आत्या म्हणाली आणि कागद हातात धरून बराच वेळ पाहत राहिली. "आणि ते गेले कधी?"

"दुपारी. मी जेवून आलो तेव्हा इथेच बसले होते, चहा घेत. सभ्य माणूस. मला भेटल्याशिवाय गेले नाहीत."

बाहेर आल्यावर सर्व्हरताईच्या रागाला तोंड फुटलं. "सभ्य म्हणे! त्याच्या बुटात तोंड दिसतं एवढंच. आत्या, सरांनी ठरवून टाकलंय गं."

"ठरवलेलं बदलता येतं," आत्या म्हणाली. "साच्यांचं मशीन गेलं तेव्हा कोरणी यंत्रही थांबलं असणार. ते कुणी पाहिलं? त्या माणसाकडे ने मला."

३

कारखान्यातल्या काकांना पाहून लोक आधी शिंकत. केसांवर, भुवयांवर, शर्टाच्या खिशात सगळीकडे फोमचा भुसा. उभं आयुष्य प्लास्टरचे साचे हाताने घडवण्यात गेलेलं, कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी महिनाभर अबोला धरला होता.

"बरं झालं गेलं ते," त्यांनी सुरुवातच केली. "हाताला विचारलं तर हात सांगतो. त्या डबड्याला काय कळतं?"

सर्व्हरताईने आत्याकडे पाहिलं. शनिवारी कारखान्यात काका एकटेच होते, आणि त्यांचा राग तर जगजाहीर होता.

"म्हणजे तुम्हाला ते मशीन नकोच होतं," आत्या म्हणाली.

"नकोच होतं. ताईंच्या आधीचा ऍडमिन होता ना, तो म्हणाला, काका, चार दिवस वापरून तर बघा, नाही आवडलं तर काढून टाकू. चार दिवसांचं कायमचं झालं. जावयासारखं."

"शनिवारी काय झालं?"

काकांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. दारावर पाटी होती 'साचेघर'. किल्लीच्या पत्र्यावर मात्र कोरलेलं होतं 'कॅन्टीन'.

"कॅन्टीनची किल्ली?" आत्याने विचारलं.

"इथे आधी कॅन्टीन होतं. पाटी बदलली. किल्लीवर कोण खोडत बसतो?"

"खरं आहे," आत्या म्हणाली, आणि ती किल्ली तिने हातात घेऊन उगाचच दोनदा उलटसुलट केली.

आत कोरणी यंत्राच्या दांड्यावर फोमचा एक पाय उभा होता. मांडीपासून गुडघ्यापर्यंत रेखीव, गुळगुळीत. गुडघ्याखाली नुसता चौकोनी ठोकळा. जणू कुणीतरी अर्ध्या वाक्यावर उठून गेलं होतं.

"त्या उंच उडीवाल्या पोरीचा आहे," काका म्हणाले. "शिबिरात आली होती. म्हणाली, काका, मला पळायचंय, नुसतं चालायचं नाही. शनिवारी मी मुद्दाम थांबलो, तिचा पहिला कोरायला घेतला. साहेब जेवायला गेले, जाताना मला हात केला आणि जरा वेळाने हे यंत्र जागच्या जागी मेलं. वाटलं, वीज गेली. पण दिवे चालू. मी दोन दिवस याच्याकडे बघतोय बाई."

त्यांनी खांद्यावरच्या कपड्याने डोळे पुसले आणि भुसा डोळ्यांत गेला म्हणून भुशालाच शिव्या घातल्या.

आत्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काका नाहीत."

"कशावरून?"

"यंत्राचा राग असणारा माणूस यंत्र मोडेल. हातातला पाय अर्धा नाही टाकणार."

"मग उरले कोण? मी, सर आणि तो विक्रीवाला. आणि सर म्हणतात त्याने बोटही लावलं नाही."

"म्हणतात खरे," आत्या म्हणाली.

४

दुपार कलली. सर्व्हरताईने शेवटचा उपाय काढला. तिच्या बॅकअपचं टूलही फुकटचंच, दर रविवारी ते प्रत्येक बिऱ्हाडाची प्रत काढून ठेवी. काल त्याला 'साचे' सापडलंच नव्हतं, पण त्याच्या आधीच्या रविवारची प्रत शाबूत होती.

"त्यात शिबिराची मापं नसतील," ती म्हणाली. "पण निदान जुने पेशंट वाचतील. सगळंच जाण्यापेक्षा ते बरं. फक्त प्रत परत उतरवायला डिस्कवर जागा नाहीये, थोडी करावी लागेल."

तिने आत्याचाच झाडू चालवला. काळ्या अक्षरांत तीन बेवारस फोल्डरं उमटली.

"वाच," आत्या म्हणाली. "नाव आणि शेवटचा बदल."

"'जुनाप्रिंटर', शेवटचा बदल चार वर्षांपूर्वी. 'नमुना', तोही तेव्हाचाच. आणि 'तात्पुरतं'..." तिने भरभर वाचलं, "शनिवार. हे बघ, हे सगळ्यात मोठं आहे! एवढं एक पुसलं तरी प्रत मावेल. कुणाचंच नाहीये ते, आधीच्या ऍडमिनने काहीतरी करून टाकून दिलेलं असणार. पुसते."

तिचं बोट बटणावर गेलं आणि आत्याने तिचं मनगट घट्ट धरलं. इतकं घट्ट, की काकणाचा वळ उठला.

"आत्या! दुखतंय!"

"दुखू दे," आत्या म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि सर्व्हरताईने आत्याला घाबरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग हळूहळू त्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "चिमे, आता मला पक्कं कळलं की तू काही केलेलं नाहीस. जा, चहा सांग. आणि त्या 'तात्पुरतं'ची एक प्रत माझ्या डिस्कवर घे. का ते विचारू नकोस."

"पण का?"

"सांगितलं ना, विचारू नकोस."

५

संध्याकाळी संचालकांच्या खोलीत सगळे जमले. टेबलावर करार, करारावर पेन. विक्रीवाला चमकत्या बुटांसह आला, सगळ्यांना हात जोडले, काकांच्या अंगावरचा भुसा पाहून खुर्ची जरा सरकवून घेतली.

"घडलं ते वाईटच," तो म्हणाला. "पण काळजी नको. करार झाला, की आमचं टूल लावू आणि तासाभरात तुमचं मशीन शोधून देऊ."

"ऐकलंत?" संचालक म्हणाले.

"ऐकलं," आत्या म्हणाली. "फक्त आधी थोडी जागा करून घेऊ या, म्हणजे तुमच्या टूलाला ऐसपैस बसता येईल. तीन बेवारस फोल्डरं आहेत, ती पुसून टाकते. कुणाची हरकत?"

"पुसा हो, कचरा कशाला ठेवायचा?" संचालक म्हणाले.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तीन नावं उमटली. आत्याने पहिलं निवडलं. "'जुनाप्रिंटर'. पुसू?" काका छताकडे बघत होते, विक्रीवाला चहाचा घोट घेत होता. फोल्डर नाहीसं झालं.

"'नमुना'. पुसू?" विक्रीवाल्याने बिस्किट चहात बुडवलं. तेही गेलं.

"'तात्पुरतं'. पुसू?"

आत्याचं बोट बटणाकडे निघालं.

"थांबा!" विक्रीवाला ताडकन उठला, कप लवंडला आणि करारावर चहाचं तळं झालं. "असं... असं न बघता काही पुसू नये. नियमच आहे आमच्या धंद्यात."

"चांगला नियम आहे," आत्या शांतपणे म्हणाली. "मग पहिल्या दोन वेळी कुठे गेला होता?"

६

विक्रीवाला अजून उभाच होता.

"बसा," आत्या म्हणाली, आणि विक्रीवाला खरोखरच बसला. "आता ऐका. सकाळपासून सगळे म्हणतायत, मशीन पुसलं गेलं. हे गृहस्थ एकटेच म्हणाले, शोधून देऊ. पुसलेलं कुणी शोधतं का? हरवलेलं शोधतात. बिऱ्हाडाची दारावरची पाटी काढली, म्हणजे यादीतून नाव गेलं. पण सामान खोलीतच राहतं. नुसती पाटी काढायलाही आधी मशीन बंद करावं लागतं, आणि तेव्हाच काकांचा पाय अर्ध्यावर थांबला. मग आपल्या पाऊलखुणा मिटवायला सगळा सर्व्हरच बंद करून चालू केला. हे काही टूलाचं काम नव्हे. ही माणसाची अक्कल."

"पण फोल्डर नव्हतं ना," संचालक म्हणाले. "'साचे' नावाचं काहीच नव्हतं."

"काका, ती किल्ली दाखवा."

काकांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. 'कॅन्टीन'.

"आधीच्या ऍडमिनने हे मशीन चार दिवसांसाठी म्हणून उभं केलं. नाव दिलं 'तात्पुरतं'. काकांना ते लागू पडलं, तेव्हा यादीत नाव बदलून 'साचे' केलं. पण पाटी बदलली म्हणून किल्लीवरचं नाव बदलत नाही. डिस्कवरचं फोल्डर जुन्याच नावाने राहिलं. आमच्या धंद्यात ही खोड सगळीकडे आहे, आणि तिच्यापायी चांगली चांगली माणसं स्वतःच्या हाताने स्वतःचं घर पुसून बसतात. माझी भाची आज दुपारी पुसणारच होती. ज्याने ते लपवलं, तो असं बोट नेईल का? कचरा आपोआप वाढत नाही, साहेब. आणि या कचऱ्यात शेवटचा बदल शनिवारी जेवणाच्या वेळचा आहे."

सर्व्हरताईला दुपार आठवली. ते बटण, ते बोट, ते मनगट. एका क्षणाचा उशीर झाला असता, तर तिने स्वतःच शिबिरातल्या प्रत्येक माणसाचा पाय पुसला असता, आणि जन्मभर त्याचा दोष स्वतःला दिला असता.

"पण मी सर्व्हरला हातच लावलेला नाही!" विक्रीवाला म्हणाला. "साहेबच सांगतील."

"साहेब सांगणार नाहीत, त्यांना लाज वाटतेय," आत्या म्हणाली आणि ड्रॉवरमधला तो रंगीत कागद पुढे सरकवला. "केशरी गोलावर काय लिहिलंय? 'साचे'. हिरव्यावर 'हिशेब'. आमची बिऱ्हाडं, आमची नावं, प्रत्येकाने खाल्लेली जागा. सर्व्हरला बोट न लावता ही माहिती तुमच्या लॅपटॉपला स्वप्नात दिसली? कुणीतरी घरची किल्ली दिली. ती दोघांकडेच होती. चिमी तुमच्यासाठी दारही उघडणार नाही."

सगळ्यांचे डोळे संचालकांकडे वळले. ते चहात भिजलेल्या कराराकडे पाहत होते.

"मी दिला पासवर्ड," ते अखेर म्हणाले. "यांनी सांगितलं, पाच मिनिटांचं काम आहे. मी जेवायला गेलो आणि यांना इथेच बसवून गेलो. सकाळी मशीन दिसेना तेव्हा... मला वाटलंही. पण कबूल करायचं म्हणजे चूक माझी. म्हणून ताईंवर ढकललं." त्यांनी मान वर केली. "ताई, मी चुकलो. वाईट चुकलो."

विक्रीवाल्याने लॅपटॉप मिटला. "नुकसान काहीच झालेलं नाही," तो पुटपुटला. "परत देणारच होतो."

"हो, आणि हार घालून घेणार होता," काका उठत म्हणाले. त्यांनी त्याच्यासाठी दार उघडून धरलं आणि तो जवळून जाताना अंगावरचा भुसा दोन्ही हातांनी मनसोक्त झटकला. चमकते बूट पांढरे होऊन बाहेर पडले.

आत्याने कीबोर्ड भाचीकडे सरकवला. "लाव पाटी."

सर्व्हरताईने 'तात्पुरतं' फोल्डर यादीत पुन्हा नोंदवलं, नाव लिहिलं 'साचे' आणि मशीन चालू केलं. पडदा काळा, मग निळा, मग शिबिरातली सगळी नावं एकाखाली एक. तिला रडू आलं आणि या वेळी तिने ते आवरलं नाही. आत्याने काही विचारलं नाही, कारण आता काही तुटलेलं नव्हतं.

"बाई," संचालक खाकरून म्हणाले, "तुमच्या त्या झाडूचं काय द्यायचं?"

"फुकट आहे. फक्त नोंदी साठवायला जागा मंजूर करा. आजच."

त्यांनी तिथल्या तिथे सही केली. मग चाचरत म्हणाले, "ताई, तो पासवर्ड... तुम्ही बदललाच असेल. मला नवीन?"

सर्व्हरताईने डोळे पुसले आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं. "हा तुमचा, सर. यातून तुम्हाला सगळं दिसेल. पाचही बिऱ्हाडं."

"छान. आणि करता काय काय येईल?"

"सर," ती म्हणाली, "दिसेल."

काका तोवर साचेघरात पोचले होते. भिंतीपलीकडून कोरणी यंत्राचा आवाज सुरू झाला आणि उंच उडीवाल्या मुलीचा पाय गुडघ्याखाली उतरायला लागला.